प्रकाशानें निवविलेला कण

प्रकाशानें वस्तु तापते, हें शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. गच्चीवर वाळत घातलेले पापड, उन्हांत उभें राहिलेलें लोखंडी पिंप आणि वैशाखांत दुपारीं बारा वाजतां वाकोल्याच्या पुलाखालून अनवाणी चालणारा मनुष्य, हे तिघेही त्याची साक्ष देतील. असें असतां, “प्रकाशाच्या योगानें एक कण इतका थंड केला कीं, त्याहून थंड करणें सृष्टिनियमानेंच अशक्य व्हावें,” असें कोणी सांगूं लागल्यास ऐकणाऱ्यास तो विनोद वाटेल. परंतु हा विनोद नव्हे. २०२० सालीं व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञांनीं हें करून दाखविलें, आणि त्या प्रयोगाशीं निगडित असलेल्या एका मोठ्या वादांत आपल्या मुंबईचाही वांटा आहे. ‘क्वांटम’ हा शब्द अलीकडे बाजारांत फार स्वस्त झाला असून पाण्याच्या बाटलीपासून मनगटांतील कड्यापर्यंत हवें तेथें तो चिकटविलेला आढळतो. तेव्हां त्या शब्दाचें खरें काम कोठें चालतें, हें घरांतील वडील मंडळींस व मुलांस ठाऊक असणें बरें, एवढ्याच हेतूनें हा विषय येथें घेतला आहे.

कणाविषयीं बोलावयाचें तर आरंभ आपल्याच शास्त्रापासून करणें योग्य होईल. जाळीच्या खिडकींतून उन्हाचा कवडसा आंत येतो, त्यांत धुळीचे बारीक कण तरंगतांना दिसतात. डोळ्यांस दिसणाऱ्या वस्तूंत लहानांत लहान जो हा कण, त्याला आपल्या शास्त्रकारांनीं त्रसरेणु म्हटलें. त्याचे तीन द्व्यणुक आणि प्रत्येक द्व्यणुकाचे दोन परमाणु, असा वैशेषिकांचा हिशेब आहे. म्हणजे परमाणु हा कवडशांतील कणाचा सहावा भाग झाला. आजच्या मोजणीप्रमाणें तशा एका कणांत कित्येक लाख कोटी अणु असतात. हें ऐकून कोणी प्राचीनांस हंसूं नये, आणि “आमच्या ऋषींना सर्व ठाऊक होतें” असेंही कोणी म्हणूं नये. दिसणाऱ्यावरून न दिसणाऱ्याचें अनुमान करावें आणि विभागणीला कोठें तरी शेवट मानावा, ही त्यांची विचारपद्धति सरळ होती; त्यांच्याजवळ साधनें नव्हतीं, इतकेंच. ज्याचें श्रेय त्यांनीं स्वतः कधीं मागितलें नाहीं तें त्यांच्या पदरीं बांधणें, हा त्यांचा गौरव नव्हे.

तर हा धुळीचा कण हवेंत तरंगतो तो हवेच्या आधारानें. तोच कण केवळ प्रकाशाच्या आधारानें अधांतरीं राहील काय? प्रकाशाला दाब असतो, ही गोष्ट पीटर लेबेदेव या रशियन शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं मोजून सिद्ध केली. हा दाब अत्यंत क्षीण आहे. एक मीटर लांबरुंद काळें कापड भर दुपारच्या उन्हांत पसरलें तर त्यावर पडणारा उन्हाचा सगळा भार अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाहूनही कमी भरतो. परंतु लेसरचा प्रकाश भिंगानें एका बिंदूवर गोळा केला आणि वस्तु पुरेशी लहान घेतली, तर तोच क्षीण दाब तिला पुरून उरतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत आर्थर अ‍ॅश्किन यांनीं १९७० सालीं हें दाखविलें, आणि पुढील वर्षीं कांचेची बारीक गोळी प्रकाशाच्या उभ्या झोतावर तोलून धरली. १९८६ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकाच झोताचा चिमटा सिद्ध केला. फणी केंसांवर घांसून कागदाच्या कपट्यांजवळ नेली म्हणजे कपटे जसे तिच्याकडे धांवतात, तसा कण झोतांतील सर्वांत प्रखर बिंदूकडे ओढला जातो व तेथेंच अडकून राहतो. या शोधाबद्दल अ‍ॅश्किन यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांचें वय ९६ वर्षांचें होतें.

हा चिमटा आपल्या शहरासही नवा नाहीं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत जयश्री धर्माधिकारी, आदित्य धर्माधिकारी, दीपक माथुर प्रभृति संशोधकांनीं मनुष्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी या चिमट्यांत धरल्या. प्रकाशाच्या पकडींत पेशीची चकती दुमडून काडीसारखी उभी राहते. आणि हिंवतापाच्या जंतूंनीं ग्रासलेली पेशी त्या प्रकाशांत गरगरूं लागते, निरोगी पेशी मात्र तशी फिरत नाहीं, असें त्यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलें. मलेरियाशीं मुंबईकरांचा परिचय लक्षांत घेतां हा प्रयोग आपणांस परका वाटूं नये.

पेशी पाण्यांत धरावी लागते. व्हिएन्नाचा प्रयोग निर्वातांतला आहे. तेथें कांचेची, म्हणजे वाळूच्याच द्रव्याची, १४३ नॅनोमीटर व्यासाची गोळी घेतली होती. आपल्या डोक्याच्या केंसाच्या जाडीचे पांचशे भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी ही गोळी. परंतु तींत दहा कोटींच्या आसपास अणु असतात. असल्या गोळ्या प्रकाशाच्या चिमट्यांत सोडण्याची एक युक्ति गंमतीची आहे. दम्याच्या रोग्यास औषधाची वाफ देण्याचें जें यंत्र असतें, तसल्याच यंत्रानें या गोळ्या द्रवांतून तुषारासारख्या उडवितात, आणि त्यांतली एखादी चिमट्यांत सांपडेपर्यंत वाट पाहतात. घरोघरीं आजोबांच्या उशाशीं दिसणारें यंत्र पदार्थविज्ञानाच्या अशा सूक्ष्म प्रयोगांत कामास यावें, हें मला फार आवडलें. गोळी सांपडली कीं भोंवतालची हवा काढून घ्यावयाची. व्हिएन्नास ती इतकी काढली कीं नेहमींच्या दाबाचा सुमारे शंभर कोटींवा भाग शिल्लक राहिला.

आतां थंड करणें म्हणजे काय, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण येथेंच पुष्कळांचा गोंधळ होतो. उष्णता म्हणजे कणांची हालचाल. परंतु या गोळीच्या दोन हालचाली आहेत. एक तिच्या पोटांतील दहा कोटी अणूंची आपापसांतली धडपड, आणि दुसरी सबंध गोळीची चिमट्यांत इकडून तिकडे होणारी झोंकांडी. सांताक्रूझ स्थानकांत सकाळीं नऊ वाजतां उभी असलेली लोकल डोळ्यांपुढें आणा. आंत उतारू एकमेकांस रेटीत असतात, कोणी चढतो, कोणी ओरडतो. परंतु गाडी म्हणाल तर जागची हललेली नाहीं. शास्त्रज्ञांनीं थंड केली ती गाडी; उतारू नव्हेत. गोळीचें पोट खोलीइतकेंच, किंबहुना प्रकाश पडत असल्यामुळें थोडें अधिकच, ऊन राहतें. फक्त तिचें झोंकणें थांबतें. आंत उष्ण आणि गतीनें शीत अशी ही वस्तु आहे.

झोंकणें थांबवावयाचें कसें? झोपाळ्याचा अनुभव येथें उपयोगी पडेल. पोर झोपाळ्यावर बसलेलें असतां योग्य क्षणीं मागून लोटलें तर झोंका चढतो. त्याच हातानें अयोग्य, म्हणजे उलट, क्षणीं अडविलें तर उतरतो. गोळीवर पडून विखुरणारा प्रकाश ती या क्षणीं कोठें आहे हें सांगतो. तें पाहून दुसऱ्या क्षणीं उलट रेटा द्यावयाचा. २०१२ सालीं स्पेनमध्यें बार्सिलोनाजवळ याच तत्त्वाचा एक प्रकार करून पाहिला. गोळी मध्यापासून दूर जाऊं लागली कीं चिमट्याचा प्रकाश किंचित् वाढवावयाचा, परत येऊं लागली कीं किंचित् कमी करावयाचा. दूर जातांना अधिक अडथळा आणि येतांना कमी ओढ, यामुळें प्रत्येक फेरींत गोळी थोडी थोडी गति गमावते. अशा रीतीनें तिचें झोंकण्याचें उष्णमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या विसाव्या भागापर्यंत उतरलें. निरपेक्ष शून्य म्हणजे शून्याखालीं सुमारे २७३ अंश सेल्सियस. तेथें उष्णतेची हालचाल संपते.

व्हिएन्नाची युक्ति याहून निराळी, आणि ती समजण्यास आपल्याच चंद्रशेखर वेंकट रामन यांचें स्मरण करावें लागतें. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशीं कलकत्त्यास रामन यांनीं जो शोध लाविला त्याचें सार असें कीं, हलणाऱ्या रेणूवर एका रंगाचा प्रकाश पाडला असतां विखुरलेल्या प्रकाशांत मूळ रंगाच्या दोन्ही बाजूंस थोडे निराळे रंग उमटतात. एका बाजूच्या प्रकाशानें आपली कांहीं शक्ति रेणूस देऊन टाकलेली असते. दुसऱ्या बाजूचा प्रकाश उलट रेणूची शक्ति घेऊन बाहेर पडतो. चिमट्यांतील झोंकणारी गोळीही पडणाऱ्या प्रकाशाचे असेच दोन भाग करिते. मग या दुसऱ्या, शक्ति घेऊन जाणाऱ्या प्रकाशालाच उत्तेजन दिलें तर? गोळीच्या दोन्ही अंगांस दोन उत्तम आरसे समोरासमोर ठेवावयाचे, आणि त्यांमधील अंतर असें जुळवावयाचें कीं, तोच प्रकाश त्यांच्यामध्यें घुमावा. ज्या सुरास तंबोऱ्याची तार लावावी तोच सूर तीवर घुमतो, तसेंच हें. आरशांतील पोकळी एका प्रकारचा प्रकाश आनंदानें स्वीकारते आणि दुसऱ्यास थारा देत नाहीं. म्हणून गोळी येणाऱ्या प्रकाशास जितकें देते तितकें तिला परत मिळत नाहीं. लहान मापानें घेऊन मोठ्या मापानें देणाऱ्या व्यापाऱ्याची तिजोरी जशी रिती व्हावी तशी तिच्या गतीची तिजोरी रिती होते. ही कल्पना व्लादान वुलेटिच आणि स्टीव्हन चू यांनीं २००० सालीं मांडली होती; अणूंसाठीं मांडलेली ती कल्पना कोट्यवधि अणूंच्या गोळीस लागू करण्याचें काम व्हिएन्नाच्या उरोश डेलिच, मार्कुस आस्पेलमायर प्रभृतींनीं केलें.

फळ काय मिळालें तें पाहा. गोळीचें झोंकणें एका अंशाच्या दहा लक्ष भागांपैकीं सुमारे १२ भागांवर येऊन ठेपलें. पुंजसिद्धांत असें सांगतो कीं, झोंक्याची शक्ति हवी तितकी लहान होऊं शकत नाहीं. ती ठराविक पायऱ्यांनीं उतरते, आणि सर्वांत खालच्या पायरीवरही थोडें कंपन उरतेंच. हायझेनबर्ग यांचा १९२७ सालचा अनिश्चिततेचा नियम त्या कंपनास पूर्णपणें मिटूं देत नाहीं. या गोळीच्या बाबतींत तें उरलेलें कंपन एका अणूच्या व्यासाच्या पन्नासाव्या भागाइतकें होतें, आणि शंभरांतून सुमारे सत्तर वेळां गोळी खरोखरच त्या शेवटच्या पायरीवर असे. येथें सारें काम खोलीच्या उष्णमानांत झालें. बर्फाचा खडाही लागला नाहीं. पुढें २०२१ सालीं व्हिएन्ना आणि झुरिच या दोन्ही ठिकाणीं आरशांच्या पोकळीवांचून, केवळ पाहून उलट रेटा देण्याच्या रीतीनें, हीच पायरी गांठण्यांत आली. व्हिएन्नाच्या मंडळींनीं त्यासाठीं जें गणित वापरलें त्याचीच जात चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांचा मार्ग ठरविण्यास उपयोगी पडली होती. २०२५ सालीं झुरिचच्या संशोधकांनीं वाटोळ्या नसलेल्या कणाचें डोलणें याहूनही स्वच्छपणें शांत केलें.

परंतु हा सारा खटाटोप कशासाठीं? एक कांचेची गोळी शांत राहिली काय आणि झोंकांड्या खात राहिली काय, जगाचें काय बिघडलें? या प्रश्नाचें उत्तर हेंच या विषयाचें मर्म आहे. इलेक्ट्रॉन किंवा अणु यांच्या बाबतींत पुंजसिद्धांत म्हणतो कीं, त्यांस एकच एक ठाम जागा असते असें मानतां येत नाहीं. एकाच वेळीं दोन मार्गांनीं गेल्यासारखें त्यांचें वर्तन असतें, आणि प्रयोग त्यास दुजोरा देतात. आपल्या घरांतील तांब्या, पाट, देव्हारा मात्र नेमक्या एकाच जागीं असतात. तांब्या अणूंचाच आहे. मग अणूंचा संदिग्धपणा तांब्याला कां नाहीं? तो कोणत्या टप्प्यावर नाहींसा होतो? श्रोडिंजर यांनीं १९३५ सालीं मांजराची प्रसिद्ध कल्पना मांडून हीच अडचण जगापुढें ठेविली.

या प्रश्नास आज दोन प्रकारचीं उत्तरें आहेत. एक पक्ष म्हणतो, सीमा अशी नाहींच; मोठ्या वस्तूला हवा, उजेड, ऊब यांचा सारखा स्पर्श होत असल्यामुळें तिचा संदिग्धपणा क्षणांत पुसला जातो, परंतु तिला पूर्ण एकांत दिला तर तोही दिसेल. दुसरा पक्ष म्हणतो, सीमा निसर्गांतच आहे. पुंजसिद्धांताचे समीकरणच थोडें अपुरें असून, वस्तु जसजशी मोठी होते तसतशी ती आपोआपच एका जागीं ठाम होते. गिरार्डी, रिमिनी आणि वेबर या तीन शास्त्रज्ञांनीं १९८६ सालीं या दुसऱ्या मताला गणिताचें रूप दिलें. आणि येथें कुलाबा पुन्हां येतो. टाटा संस्थेंतील तेजिंदर पाल सिंग यांनीं इटलीचे आंजेलो बासी, इंग्लंडचे हेन्ड्रिक उल्ब्रिश्त आणि भारतांतील तरुण सहकारी किंजल्क लोचन व सीमा सातिन यांच्यासह या मताचा व त्याच्या परीक्षेच्या मार्गांचा एक विस्तृत आढावा २०१३ सालीं प्रसिद्ध केला. त्या विषयांत काम करणारे लोक आजही तो हाताशीं ठेवतात. उल्ब्रिश्त हे स्वतः प्रकाशांत कण तोलणारे प्रयोगकार. म्हणजे सिद्धांत मांडणारे आणि त्याची कसोटी घेणारे एकाच लेखाखालीं सही करून बसले. मला ही गोष्ट त्या लेखांतील गणिताइतकीच मोलाची वाटते. पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडून मगच उत्तरपक्षाकडे वळावें, हा जो आपल्या शास्त्रचर्चेचा जुना शिरस्ता, त्याचें हें चांगलें उदाहरण होय.

कसोटी ती कशी? वस्तु आपोआप ठाम होत असेल तर त्या घटनेचा सूक्ष्म धक्का तिला बसलाच पाहिजे. म्हणजे बाहेरचें कांहींही कारण नसतां ती किंचित् हालूं लागेल. ज्या कणाची हालचाल अगोदरच शेवटच्या पायरीपर्यंत उतरविली आहे, त्याच्यावर असा अकारण धक्का ओळखतां येण्याचा संभव सर्वांत अधिक. गडबडीच्या घरांत सुई पडल्याचें कळत नाहीं, मध्यरात्रीं कळतें. आजपर्यंत असा अकारण धक्का आढळलेला नाहीं, आणि निरनिराळ्या प्रयोगांनीं दुसऱ्या पक्षाच्या मताला मोकळी असलेली जागा हळूहळू आंखडत आणली आहे. परंतु ती संपलेली नाहीं. एका बाजूस कोणी आयुष्याचीं वीस वर्षें दिलेला सिद्धांत, आणि दुसऱ्या बाजूस केंसाच्या पांचशेंव्या भागाएवढा साक्षीदार, असा हा खटला चालू आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. कण शेवटच्या पायरीवर उतरला म्हणजे तो एकाच वेळीं दोन ठिकाणीं दिसला, असें नव्हे. तशी परीक्षा १९९९ सालीं व्हिएन्नासच साठ कार्बन अणूंच्या रेणूवर यशस्वी झाली, आणि २०१९ सालीं सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूवर. दहा कोटी अणूंच्या कणावर ती अद्याप व्हावयाची आहे. वर्तमानपत्रांतून या दोन गोष्टींची सरमिसळ होते, म्हणून हा खुलासा.

अशा कामाला मनुष्यबळ कोठून येणार, हाही प्रश्न आहेच. आमच्या वाकोल्याला लागूनच कालिन्यास विद्यापीठाची विद्यानगरी आहे. तेथें २००७ सालीं मुंबई विद्यापीठ व अणुशक्तिखातें यांनीं मिळून मूलभूत विज्ञानाचें एक केंद्र काढलें. बारावीनंतर पांच वर्षांचा सलग अभ्यासक्रम तेथें आहे. तरीही त्याच्या भिंतीपासून हांकेच्या अंतरावर राहणाऱ्या कुटुंबांत मुलीनें “मला पदार्थविज्ञान शिकावयाचें आहे” असें म्हटलें कीं, “आणि पुढें काय?” हाच पहिला प्रश्न येतो. पुढें काय, याचें व्यवहारी उत्तरही आतां देतां येतें. केंद्र सरकारनें १९ एप्रिल २०२३ रोजीं राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्यासाठीं २०३०-३१ पर्यंत ६,००३ कोटींवर रुपये ठरविले. आणि त्याचीं जीं चार केंद्रें नेमलीं त्यांपैकीं सूक्ष्म मापनाचें केंद्र पवईच्या आय. आय. टी. कडे आलें. प्रकाशांत तोललेला कण हा सूक्ष्म मापनाचाच एक उत्कृष्ट कांटा असून, वाळूच्या एका कणाच्या वजनाहून अब्जावधि पटींनीं लहान बल त्यानें ओळखतां येतें. परंतु मला विचाराल तर मुलीला व्यवहाराचें उत्तर देण्याची घाई करूं नये. तिला अगोदर कवडसा दाखवावा.

प्रयोगकारांपुढें आतां जी अडचण उभी आहे ती मोठी चमत्कारिक आहे. ज्या प्रकाशानें कण धरला व निवविला, तोच प्रकाश त्याला त्रासही देतो. प्रकाशाचा प्रत्येक पुंज कणावर आदळून परततांना त्याला एक लहानसा ठोसा लगावून जातो, आणि कण कोठें आहे ही बातमीही बाहेर नेतो. बातमी बाहेर गेली कीं संदिग्धपणा गेला. म्हणून खरी परीक्षा घ्यावयाची तर कण पूर्ण शांत झाल्यावर चिमट्याचा प्रकाश मालवून, त्याला अंधारांत एकटा सोडला पाहिजे. सोडला कीं तो पृथ्वीकडे पडूं लागतो; एका सेकंदांत पांच मीटर खालीं. तितकी उंच निर्वात नळी बांधावी, कीं हा प्रयोगच अंतराळयानांत न्यावा, यावर युरोपांत विचार चालू आहे.

याहूनही धाडसी एक योजना २०१७ सालीं पुढें आली. लंडनच्या विद्यापीठांतील सौगत बोस व त्यांचे सहकारी यांनीं, आणि स्वतंत्रपणें ऑक्सफर्डच्या किआरा मार्लेटो व व्लात्को वेद्राल यांनीं असें सुचविलें कीं, असे दोन कण शेजारीं शेजारीं सोडावे. प्रत्येकाला दोन जागांच्या संदिग्ध अवस्थेंत ठेवावें. आणि एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरा कोणताही संबंध त्यांच्यांत येऊं देऊं नये. तरीही त्यांच्या अवस्था एकमेकींत गुंतलेल्या आढळल्या, तर गुरुत्वाकर्षणालाही पुंजसिद्धांत लागू आहे असें ठरेल. न्यूटन व आइन्स्टाइन यांच्यानंतर या बाबतींत कोणीही प्रयोगानें सांगूं न शकलेली अशी ती गोष्ट असेल. बोस यांच्या योजनेंतील प्रत्येक कण व्हिएन्नाच्या गोळीहून सुमारे तीन हजार पटींनीं जड आहे, आणि इतक्या जड कणाला अंधारांत तितका वेळ निवांत ठेवणें अद्याप कोणास साधलेलें नाहीं.